चौथ्या ओळीखालची ओळ

एकदा एक नगर होते. नगर कसले, नदीकाठची पाच-सहाशे उंबऱ्यांची वस्तीच ती. पण तिथली माणसे तिला नगर म्हणत, तर आपण कशाला वाद घाला. या नगराला राजा नव्हता. पाच पंच होते आणि चावडीसमोर उभा केलेला एक काळा दगड होता. त्या दगडावर सात ओळी कोरलेल्या होत्या आणि सगळा कारभार त्या सात ओळींच्या आत चालायचा. पंच म्हातारे होत, बदलत, जात. दगड तिथेच होता.

त्यातली चौथी ओळ अशी होती : 'कोठीतील धन सर्वांचे आहे. ते कोणा एकाच्या पदरात घालू नये.'

ही ओळ कोणी हौसेने कोरली नव्हती. पणजोबांच्या काळी एक भांडारी होऊन गेला. हा गरजू, तो होतकरू, असे म्हणत त्याने कोठीतले धन वाटायला घेतले. वाटता वाटता सगळे गरजू आणि सगळे होतकरू नेमके त्याच्याच भावकीत निघाले. पुढे लागोपाठ दोन दुष्काळ पडले, लोक कोठीच्या दाराशी गेले, तर आत उंदीरसुद्धा उपाशी. कुंपणानेच शेत खाल्ले होते. त्या दोन वर्षांत ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांनीच पदरमोड करून पाथरवट आणला आणि चौथी ओळ कोरून घेतली. तेव्हापासून कोठीतून विहिरी झाल्या, बांध झाले, धर्मशाळा झाली. पण एका माणसाच्या हातावर कोणी काही ठेवले नाही.

आता आपल्या गोष्टीतली मुलगी. तिचे नाव येसू. वय वीस, आई विणकर, वडील ती बारा वर्षांची असताना तापाने गेले. नगरात वैद्य नव्हता. सगळ्यात जवळचा वैद्य तीन दिवसांच्या वाटेवर, त्याला आणायचे तर सहा दिवस, आणि वडिलांना ताप होता चार दिवस. हा हिशेब येसूने लहानपणीच करून ठेवला होता आणि तो तिच्या मनातून कधी गेला नाही.

पंचांमधले ज्येष्ठ होते त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी येसूला अक्षर ओळखायला शिकवले, मग शास्त्र वाचायला शिकवले, आणि हळूहळू ही मुलगी त्यांना नातीपेक्षा जवळची झाली. चावडीतले लिखाणही तीच करू लागली. त्या वर्षी दूरच्या विद्यापीठाने तिची परीक्षा घेतली आणि निरोप धाडला : विजयादशमीपर्यंत हजर व्हावे, वैद्यक शिकावे, चार वर्षांच्या खर्चाची तजवीज मात्र बरोबर असावी. येसूच्या आईने माग विकला असता, तर चार महिने निघाले असते. मग आईने काय खाल्ले असते, हे विचारायलाच नको.

भांडारी भला माणूस होता. पणजोबांच्या काळच्या त्या भांडाऱ्याशी याचे नातेगोते नव्हते. तो येसूला म्हणाला, "पोरी, कोठी भरलेली आहे. सगळं नगर तुझ्या बाजूने आहे. मी देतो, तू जा. दगड काय उठून विचारायला येणार आहे?"

येसूच्या डोळ्यांत पाणी आले. ती धावत गुरुजींकडे गेली. गुरुजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "घेऊ नकोस."

"का गुरुजी? मी काही चोरी करतेय का?"

"तू नाही करत. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं बाळ, काळ सोकावतो. आज तुझ्यासारख्या गुणी मुलीसाठी दगडाकडे डोळेझाक केली, की उद्या कोणाच्या मेहुण्याला नाही म्हणायला तोंड उरत नाही. तुला जायचं असेल तर दगडावर नवी ओळ येऊ दे. अजून पाच आठवडे आहेत. मजकूर तू लिही."

दगडावर ओळ घालण्याची त्या नगरात एक रीत होती. नवा मजकूर लागोपाठ तीन आठवडी बाजारांत मोठ्याने वाचायचा, ज्याला बोलायचे त्याने बोलायचे, तिसऱ्या बाजारी सगळ्यांनी हात वर केले तरच पाथरवटाला बोलवायचे. आणि जुनी ओळ कधी खरवडायची नाही. तिच्याखाली नवी कोरायची.

येसूने एका बैठकीत मजकूर लिहून काढला : 'नगरात जन्मलेल्या, पितृहीन, वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या कन्येस कोठीतून चार वर्षे साह्य द्यावे.'

वाचलेत ना? त्या ओळीत बसेल अशी नगरात एकच व्यक्ती होती. येसूच्या मनात कपट मुळीच नव्हते, हे मी पैजेवर सांगतो. आपल्या गरजेकडे पाहत पाहत लिहिले की कायदा असाच उतरतो. गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि उठून सरळ तांबट आळीत गेले. येसू मागोमाग. तिथे रखमाजी तांबटाच्या दुकानापुढे ते थांबले आणि म्हणाले, "रखमाजी, मंगळवारी बाजारात हा मजकूर तुम्ही वाचून दाखवा. आणि जे शब्द तुम्हाला खटकतील ते बदला."

येसूला वाटले, गुरुजींना भ्रम झाला. सगळ्या नगरात या गोष्टीला विरोध करणारा एकच माणूस होता आणि तो म्हणजे हा रखमाजी. मूलबाळ नाही, चाळीस वर्षे घण घातलेला, कोठीत भरायचा वाटा एकदाही न चुकवलेला. चावडीवर तो उघड म्हणाला होता, "दुसऱ्याच्या लेकरांनी शहाणं व्हायचं नि मी भांडी ठोकायची. हा कुठला न्याय?" अशा माणसाच्या हातात आपणहून कागद देणे, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

परतताना ती म्हणाली, "तो फाडून टाकील गुरुजी."

"फाडला तर दुसरा लिहू," गुरुजी म्हणाले आणि चावडीच्या वाटेला लागले. त्या दिवशी येसू त्यांच्यावर खरोखर रागावली. आठवडाभर ती चावडीत आली, लिखाण केले, पण त्यांच्याशी कामापुरतेच बोलली.

पहिल्या बाजारी रखमाजी भाजीवाल्यांच्या मधोमध उभा राहिला, मजकूर वाचला आणि म्हणाला, "पितृहीन का म्हणून? गणू न्हाव्याचा बाप जिवंत आहे. रोज पितो, रोज मारतो. असा बाप असण्यापेक्षा नसलेला परवडला. हा शब्द काढा." लोक हसले, गणूही हसला, शब्द निघाला.

दुसऱ्या बाजारी तो म्हणाला, "वैद्यकच का? ताप येतो तसा पूरही येतो. आणि कन्येसच का? शिकायची इच्छा काय लुगडं-धोतर बघून येते?" तेही शब्द गेले. येसूला तर आपल्याच अंगावरचे कापड कोणी उसवत असल्यासारखे वाटत होते. बाजार उठल्यावर ती रडली.

तिसऱ्या बाजारी रखमाजीने काही काढले नाही, घातले. म्हणाला, "दोन गोष्टी लिहा. एक, शिकून हातपाय हलवायला लागला की त्याने जमेल तसं कोठीत परत भरावं, पुढच्याच्या शिक्षणासाठी. म्हणजे माझ्यासारख्याला वाटणार नाही की माझा घाम वाहून गेला. दोन, कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांत घेणाऱ्याचा नातेवाईक नको, मित्र नको आणि गुरूही नको." हे म्हणताना त्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

मग सगळ्यांचे हात वर गेले. रखमाजीचाही गेला. स्वतः घडवलेल्या वस्तूला नाही कोण म्हणेल?

पाथरवट आला, ओळ कोरली गेली. त्या वर्षी कोठीतून एकाचाच खर्च निघणार होता आणि अर्ज आले नऊ. त्यात येसूचा अर्ज होता, म्हणून गुरुजी निवडीच्या बैठकीतून उठले. त्यांच्या जागी पंचांनी रखमाजीला बसवले.

नऊ जणांत तुळसा नावाची नावाड्याची मुलगी होती. तिला पूल बांधायला शिकायचे होते. एका पंचांनी थट्टेने विचारले, "अगं, पूल झाला तर तुझ्या बापाच्या नावेत बसणार कोण?"

तुळसा म्हणाली, "मी बापाला हेच विचारलं. तो म्हणाला, दर पावसाळ्यात दोन-तीन माणसं माझ्या डोळ्यांदेखत बुडतात. त्यापेक्षा मी रिकामा बसलेला बरा."

पंच बराच वेळ बोलत बसले. येसूच्या नावावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी निवड तुळसाची झाली.

येसू गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसली. मग तिने विचारले, "तुम्ही त्या बैठकीत असता, तर मला मिळालं असतं?"

"हो," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर उठलो."

येसूला हुंदका आवरेना. गुरुजींचेही डोळे भरले होते. ते काही दगडाचे नव्हते. थोड्या वेळाने ते म्हणाले,

"येसू, तुझा मजकूर मी वाचला तेव्हा मला दिसलं, की ही ओळ तुझ्याबरोबर जन्मेल आणि तुझ्याबरोबर संपेल. मला तुझ्यासाठी ओळ नको होती, नगरासाठी हवी होती. ती तुला लिहिता येणार नव्हती, कारण तुला गरज होती. मलाही येणार नव्हती, कारण मला तुझा लळा होता. ती लिहायला असा माणूस हवा होता ज्याला तुझ्याकडून काही नको आणि तुला काही द्यायचंही नाही. विरोध करणाऱ्याला भोकं आपल्याआधी दिसतात. ती त्याने दुष्काळानंतर दाखवण्यापेक्षा आधी दाखवलेली बरी. भांडाऱ्याकडून घेतलं असतंस, तर तू वैद्य झाली असतीस हे खरं. पण जन्मभर त्या भल्या माणसाच्या उपकाराखाली वाकली असतीस, आणि तुझ्या पाठीमागून शिकायला निघणाऱ्या पोरीला पुन्हा एखादा भला भांडारी शोधावा लागला असता. आता तिला शोधावा लागणार नाही. तुलाही नाही."

"मग जुनी ओळ तशीच का ठेवायची? नवी आली, तर जुनीचा काय उपयोग?"

"खालची ओळ वाचून जो हात पुढे करील, त्याला वरची ओळही दिसली पाहिजे. हे धन कोणाच्या भुकेतून राहिलेलं आहे, ते त्याला कळलं पाहिजे. कळलं की तो परत भरायला विसरत नाही."

येसूने डोळे पुसले. समजले होते, पण समजल्याने दुःख कमी होते असे नाही, आणि गुरुजींनी तसा आग्रहही धरला नाही. ते वर्ष तिने आईच्या मागावर काढले. रागही हळूहळू गेला. दिवाळीनंतर तिने तुळसाच्या बापाच्या नावेत बसून पलीकडच्या तीरावरच्या आजाऱ्यांची विचारपूस करायला सुरुवात केली. औषध तिच्याजवळ नव्हते, पण कोणाला कोणता ताप आहे आणि वैद्याकडे कधी पळायचे, एवढे ती सांगू लागली.

पुढच्या वर्षी विद्यापीठाचा येसूला पुन्हा निरोप आला. अर्ज आले अकरा, त्यात तिचाही होता. गुरुजी पुन्हा बैठकीतून उठून बाहेर पिंपळाच्या पारावर जाऊन बसले. ऊन होते, त्यांना धाप लागली होती, तरी घरी गेले नाहीत.

दुपारी रखमाजी बाहेर आला आणि येसूपुढे उभा राहिला. म्हणाला, "तुझी निवड झाली. कोणाच्या तोंडाकडे बघून नाही, अर्जाकडे बघून. गेल्या वर्षी मीच तुळसाच्या बाजूने बोललो होतो, हे तुला ठाऊक असावं म्हणून सांगतो."

"ठाऊक होतं रखमाजीकाका."

"राग नाही आला?"

"आला होता. भरपूर."

रखमाजी हसला. मग जरा घुटमळून म्हणाला, "मला मूल नाही, हे तुला माहीत आहे. मी चाळीस वर्षं कोठीत भरत आलो, पण ते कुठे गेलं हे कधी दिसलं नाही. बांधावर गेलं, रस्त्यावर गेलं, असं लोक सांगायचे. आता एक पोर गेलंय पूल शिकायला आणि दुसरं चाललंय. मला वाटतं, यंदा मी भरीन तेव्हा मला दिसेल."

येसू वाकून त्याच्या पाया पडायला गेली, तर तो झटकन मागे सरला. "माझ्या नको," तो म्हणाला. "मी काही दिलेलं नाही. नगराने दिलंय."

तिने पाराकडे पाहिले. गुरुजी तिच्याकडेच बघत होते. तिला त्यांच्याकडे धावत जावेसे वाटले, पण ती धावली नाही. ताठ मानेने, एकेक पाऊल टाकत गेली, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. गुरुजींनी तिला नखशिखान्त पाहिले आणि समाधानाने मान हलवली. तिला कोणापुढे मान खाली घालावी लागली नव्हती, एवढेच त्यांना वर्षभर पाहायचे होते.

आपणही अधूनमधून आपल्या दगडावर नव्या ओळी घालत असतो. त्यांचा पहिला मसुदा आपल्या रखमाजीच्या हाती द्यायचे धैर्य आपल्यात आहे का, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.