बाराव्या होलला झेंडा नाही

काळवीच्या सड्यावर, समुद्राच्या अगदी तोंडाशी असलेल्या कातळी माळावर, गोल्फचं मैदान आहे. तिथल्या प्रत्येक होलवर झेंडा फडकतो; बाराव्यावर नाही. त्या होलपाशी, कड्याच्या टोकावर, चुना फासलेला माणसाएवढा दगड उभा आहे. खेळायला आलेल्या मंडळींना ज्याने जमवून आणलं, त्याने सगळ्यांचे फटके होईपर्यंत झेंड्याऐवजी त्या दगडाशी हात वर करून उभं राहायचं, असा इथला रिवाज.

पुण्याहून मित्रांना घेऊन आलेल्या घैसासांना हा पोरखेळ वाटला. त्यांनी आपला पांढरा टॉवेल काठीला बांधून ती होलमध्ये रोवली. खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारा म्हातारा कॅडी भागोजी सारंग तरातरा गेला आणि त्याने काठी उपटली.

"ह्या सड्यार पांढरो फडको लावूचो नाय," तो म्हणाला. मग त्याने सगळ्यांना तिथेच बसवून गोष्ट सांगितली. ती सांगताना त्याचा आवाज दर वेळी चढतो, समोर कोण बसलंय याची त्याला पर्वा नसते.

फार पूर्वी या टोकावर चुना फासलेला एक धोंडा होता म्हणे. संध्याकाळी होड्या हाकत परतणारे तांडेल तो धोंडा आणि मागचा देवळाचा कळस एका रेषेत धरून होडी खाडीत घालत. रेषा सुटली की खाली खडक. धोंड्याला चुना फासायचा मान येसूच्या घराचा. तिचा नवरा धाकू गावातला जाणता तांडेल होता.

गावचा खोत हौशी. घाटावरचे मित्र जमवून तो सड्यावर काठीने चेंडू मारत खळग्यात घालायचा खेळ मांडी. एकदा तो धोंडा खेळाच्या आड आला. खोताने गड्यांकडून तो उपटवून कड्याखाली लोटला, आणि खळगा लांबून दिसावा म्हणून पार पलीकडे वेळूला पांढरं धोतर बांधलं. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे हौस खोताची होती आणि मोल दुसऱ्यांनी मोजलं.

येसू धावत वर आली. हात जोडून म्हणाली, "मालकानु, होडये येवच्या आदी तो फडको काडा."

खोत मित्रांकडे बघून हसला. "डाव संपू दे," म्हणाला. गड्यांनी तिला सड्याखाली हाकललं.

दिवस कलला, समुद्र धुरकटला. धाकूला जे पांढरं दिसलं तीच त्याने खूण धरली. येसू किनाऱ्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडत होती, पण वारा उलटा होता. तिच्या डोळ्यांदेखत होडी खडकावर फुटली. धाकू गेला, त्याच्या सोबत्यांपैकीही कोणी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी येसूने होडीची फुटकी फळी खोताच्या ओटीवर आणून आपटली. मागे गावातल्या सगळ्या बायका होत्या. खोत गडबडला. धाकूच्या नावाने देऊळ बांधतो, म्हणाला.

"देऊळ बांदून माजो घोव येणा नाय," येसू म्हणाली. "आजय होडये भायर आसत आणि खूण नाय. धोंडो तू उपटलंस. आता धोंड्याच्या जागेर तूच उभो रव."

बायकांचे चेहरे पाहून खोत मुकाट्याने निघाला. घटकाभर उभं राहिलं की सुटलो, असा त्याचा हिशेब. तो टोकावर उभा राहिला. येसूने त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत चुना फासला. होड्या एकेक करून सुखरूप खाडीत शिरल्या. मग खोत पाय उचलायला गेला, तर तो उचलेना. गुडघे गार पडले, कंबर जड झाली. "येसू, सोड मला," तो रडत म्हणाला.

"डाव संपांदे," येसू म्हणाली आणि चुन्याचं मडकं उचलून घरी गेली.

गोष्ट संपली. घैसास उठले, दगडापाशी गेले आणि त्यांनी हात वर केला. मित्रांनी आपापले फटके मारले, खेळाच्या काठ्या पिशव्यांत गेल्या. भागोजी समुद्राकडे बघत होता. एक होडी अजून बाहेर होती. घैसासांनी ती पाहिली. त्यांनी हात खाली घेतला नाही.

आजही बाराव्या होलला झेंडा लागत नाही. आजही गावातल्या बायका त्या दगडाला चुना फासतात, आणि फासताना त्याला शिव्या घालतात.