मध्ये आड काही नको

एका गावात एक भोळा गडी राहायचा, म्हाळू नावाचा. आईबापांमागे कृष्णाआत्याने त्याला वाढवलं. कितीतरी नकार पचवल्यावर वनिताचं स्थळ जमलं. पण व्याही कडक. म्हणाले, "मांडवात घोळ घातलात, तर मुलगी घेऊन परत जाईन."

आत्या धास्तावली.

वनिताचा भाऊ धनाजी साखरपुड्याचे फोटो आपल्या फोनवर घ्यायला आला. म्हाळूने लांब विहिरीपाशी उभं राहून फोन त्याच्या दिशेने धरला.

"दाजी, ब्लूटूथला वायर लागत नाही, पण जवळ तर या! अगदी जवळ."

म्हाळूने लक्षात ठेवलं. आत्याने त्याला मामांकडे हळदीचं आवतण द्यायला धाडलं. त्याने मामांच्या नाकाला नाक लावून आवतण दिलं. मामांचा चहा मामांच्या धोतरावर.

"अरे, ते फोनचं होतं!" आत्या कळवळली.

मग धूळ लागू नये म्हणून म्हाळूने फोन स्टीलच्या डब्यात ठेवला. फोटो काही जाईनात.

धनाजी म्हणाला, "दाजी, मध्ये आड काही ठेवायचं नाही."

म्हाळूने लक्षात ठेवलं. शेजारच्या काकूंना बोलवायला गेला, तर दार बंद. त्याने दारच बिजागरीतून काढलं. कुत्रं आत शिरून पुरणावर ताव मारून आलं.

शेवटी फोटो जाऊ लागले. म्हाळू श्वास रोखून बसला.

धनाजी हसला. "दाजी, नव्या फोनला एवढंही नको. दोन फोन एकमेकांना टेकवायचे, समोरच्याने हो म्हटलं की खुशाल घरी जायचं. बाकीचं मागून आपोआप येतं."

म्हाळूने लक्षात ठेवलं.

नवरा-नवरी लग्नाला उभे राहिले. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. म्हाळूला दिसलं, मध्ये आड कापड आहे! आत्या "नको रे" म्हणेपर्यंत त्याने ते ओढलं, वनिताच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि विचारलं, "हो?"

गुरुजी अडखळले. व्याही खुर्चीतून उठले.

वनिताने ओठ दाबून पाहिले, पण हसू फुटलंच. "हो!"

मांडव खदखदून हसला. व्याहीसुद्धा हसत खाली बसले. अक्षता पडल्या, हार पडले. आत्याने देवाला हात जोडले.

सप्तपदीला बोलावलं, तर नवरदेव गायब!

आत्या धापा टाकत घरी आली. म्हाळू मुंडावळ्यांसकट ओट्यावर, पाय पसरून विडा चघळत होता.

"मेल्या, बायको मांडवात उभी आहे!"

"येईल की, आत्या. हो म्हणाली ना?" म्हाळूने मान उंचावून रस्त्याकडे पाहिलं. "आत्तापर्यंत निम्मी आली असेल."