सुभाना हेड्याचे पांढरे दात

एका गावात सुभाना नावाचा एक हेडी राहत होता. हेडी म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारा. बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून एकदा दात पाहिले, की सुभाना त्याचे वय सांगे आणि ते सहसा चुकत नसे. म्हाताऱ्या बैलाचे दात घासून-पुसून पांढरे करायचे आणि तरणा म्हणून तो कुणा भोळ्याच्या गळ्यात मारायचा, असले लबाड प्रत्येक बाजारात असतात. सुभाना त्यांना चारचौघांत उघडे पाडी. त्यामुळे बैल घ्यायला निघालेला माणूस आधी सुभानाला गाठत असे.

सुभानाची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हते. बाजारात दिवसभर बडबड करणारा हा माणूस घरी आला की गप्प होई, कारण बोलायला घरात कुणी नव्हतेच. बहिणीला ते बघवेना. तिने शेजारच्या गावची तानूबाई सुचवली. तानूबाई विधवा होती. नवऱ्यामागे शेत तिनेच राखले होते आणि बोलायला मोठी सडेतोड होती. आठवड्याने पाहुण्यांनी यावे, पसंती झाली तर पाट लावू, असा तिच्या थोरल्या भावाचा निरोप आला.

सुभाना हरखला. त्याने दाढी केली, आरशात पाहून हसला, आणि हसता हसता थांबला. जन्मभर दुसऱ्यांचे दात पाहणाऱ्याने स्वतःचे कधी निरखलेच नव्हते. तंबाखूने ते पार हळकुंडासारखे झाले होते.

तो तडक वैद्यबुवांकडे गेला.

वैद्यबुवांनी तोंड तपासले. “तंबाखू सोड. सकाळी बाभळीची काडी, रात्री तेल-मिठाचं बोट. वरचा डाग हळूहळू निघेल. पण दाताचा मूळ रंगच जरा पिवळट असतो, तो काही जायचा नाही.”

“किती दिवस लागतील?”

“दोन-चार महिने तरी.”

“मला आठवड्यात पाहिजेत,” सुभाना म्हणाला.

“मग आरसा बघणं सोड,” वैद्यबुवा म्हणाले.

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सुभाना घरी आला तो लिंबू आणि मीठ घेऊन बसला. पहिल्या दिवशी दात थोडे उजळले. दुसऱ्या दिवशी त्याने त्यात चुलीतली राख मिसळली. तेवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा विटकर कुटून तिचा भुगा केला आणि बोट दुखेपर्यंत दात घासले. ही विद्या बाजारातल्या लबाडांची होती, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? पण गरज पडली की माणसाला आपली लबाडी लबाडी वाटत नाही, नुसती टापटीप वाटते.

आठवड्यात दात ओल्या खोबऱ्यासारखे पांढरे झाले. आंबलेही तसेच. गार वारा लागला तरी डोक्यापर्यंत कळ जाई. तरी सुभाना खुशीत होता. नवा पटका बांधून, तोंडभर हसत तो तानूबाईच्या दारी पोहोचला.

थोरल्या भावाने बैठक घातली. तानूबाईने माठातले पाणी दिले. सुभानाने एक घोट घेतला, डोळे गच्च मिटले आणि तांब्या खाली ठेवला. मग शेंगदाणे आणि गुळाचा खडा आला. शेंगदाणे त्याने मुठीत धरले आणि गूळ जिभेवर घोळवत बसला. शेवटी तानूबाईने आपल्या मळ्यातला ऊस आणून पुढ्यात ठेवला. भावाने आपले कांडे दातांनी सोलून संपवलेसुद्धा. सुभानाचे कांडे मात्र हातातच होते. मधून मधून तो उगाचच हसत होता.

तानूबाई बराच वेळ पाहत होती. मग तिने विचारले, “पाव्हणं, वय किती म्हणालासा तुमचं?”

“पंचेचाळीस.”

“दात तर पंधरा वर्साच्या पोराचं दिसत्यात. आणि चावणं सत्तरीतल्या म्हाताऱ्याचं. ह्यातलं खरं कंचं धरू?”

भाऊ दचकला. सुभानाचे कान तापले. आज उपास आहे म्हणावे, पित्त झालंय म्हणावे, अशा चार थापा त्याच्या जिभेवर आल्या. एक थाप मारली असती तर वेळ निभावली असती. पण आयुष्यभर त्याने लोकांना जे करू दिले नव्हते, तेच करायची त्याला आता लाज वाटली.

“दोन्ही खोटं हाय,” तो म्हणाला. “वय पंचेचाळीसच. दात पिवळं व्हतं. लिंबू-मीठ लावलं, वर विटकरीनं घासलं. आता पाणीबी पिववत न्हाई. बाजारात असला बैल कुणी आणला असता, तर मीच त्याला परत धाडला असता.”

“मग केलं कशाला?”

“घरात बोलाय माणूस न्हाई. दात बघून तुम्ही न्हाई म्हणाल, ह्याचं भ्या वाटलं.”

तानूबाईला हसू आवरेना. ती मोकळेपणाने हसली आणि तेव्हा सुभानाला दिसले, की तिचा पुढचा एक दात अर्धा मोडलेला आहे. ती तासभर त्याच्यासमोर वावरत होती, बोलत होती. एवढा दातांचा जाणकार, पण आपले दात दाखवायच्या नादात त्याने तिच्याकडे धड पाहिलेच नव्हते.

“मलाबी ऊस सोलाय येत न्हाई,” ती म्हणाली. “म्हटलं, सोलून देणारं कुणी भेटलं तर बघावं. तर तुम्हीबी कांडं हातात धरून बसलासा.”

मग ती आत गेली, पाणी कोमट करून आणले आणि सुभानाच्या पुढे ठेवले. भावाला म्हणाली, “दादा, माझी पसंती हाय. पर पाव्हण्यांचं दात बरं झाल्यावर पाट लावू. लग्नाच्या जेवणाला माणूस नीट जेवला पायजे.”

सुभानाने विटकरीचा भुगा उकिरड्यावर टाकला, तंबाखू सोडली आणि बाभळीची काडी धरली. दातांची आंब सावकाश उतरली. डाग बरेचसे निघाले, थोडे राहिले. दोन-चार महिन्यांनी पाट लागला. त्यानंतर दर सुगीत तानूबाईच्या बांधावर सुभाना ऊस सोलून देई आणि ती गप्पा मारत खात बसे.

तात्पर्य: खोट्या रूपाने माणूस फसवता येतो, आपलासा करता येत नाही. आपली उणीव मोकळेपणाने सांगावी, म्हणजे ती सांभाळून घेणारे माणूस भेटते.