सांत आनाच्या पायरीवरचा पहिला टाका

कपेलाच्या, म्हणजे सांत आनाच्या या लहानशा देवळाच्या पायरीवर तुम्ही खुशाल बसा. फक्त बायका टोपडी शिवत बसल्या असतील तर जरा बाजूला सरायचं, एवढा रिवाज पाळा. वसईच्या किनाऱ्याला कुठंही विचारा, मूल जन्मण्याआधी त्याच्या कपड्याला कुणी सुई लावत नाही. अपशकुन मानतात. आमच्या खारटेंब्यात मात्र सातव्या महिन्यातच टोपडं शिवायला घेतात, आणि तेही इथं, चारचौघांत. शेजारची गावं आम्हाला उफराटी म्हणतात. म्हणोत बापडी.

त्याचं असं झालं, म्हणे. पाच-सहा पिढ्यांपूर्वी इनास बागायतदाराची बायको सेरफीन पहिलटकरीण होती. शिवणात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. सातवा लागला आणि तिला राहवेना. नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचा मऊ तुकडा घेऊन तिनं दाराआड टोपडं शिवलं. नुसते बंद लावायचे राहिले होते. आठव्यात मूल पोटातच गेलं. बाप्तिस्मा नाही, म्हणून तेव्हाच्या रीतीप्रमाणे देवळाच्या जमिनीत जागा नाही. वाडीतच केळीखाली मूठमाती दिली. मग ते टोपडं सासूच्या हाती लागलं. सासू दुष्ट नव्हती, भित्री होती.

"सुई लावलीस नि पोर घालवलंस," एवढंच ती म्हणाली.

सेरफीनला ते खरं वाटलं. इनासनं परोपरीनं समजावलं, पण तिच्या मनानं घेतलं ते घेतलं. शिवण सुटलं, अन्न गोड लागेना. सांत आनाच्या सणाला ती टोपडं घेऊन आली आणि मूर्तीपुढं ठेवून म्हणाली, "माये, माझं पोर मी माझ्या हातानं मारलं. मला क्षमा कर."

देवळातल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. त्यांत मर्तिणबाय होती, गावची सुईण. घराघरातली झाकली मूठ तिला ठाऊक. मूल गमावलेल्या दहाजणींची नावं ती तिथल्या तिथं घेऊ शकली असती. तिनं एकही घेतलं नाही. सेरफीनला हाताला धरून तिनं बाहेर आणलं, पायरीवर बसवलं आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी चार गेली गे बाय. मला तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

असं बोलायचा तो काळ नव्हता. तिच्या नवऱ्यालासुद्धा दोनच ठाऊक होती, असं सांगतात. त्या म्हातारीच्या धैर्याला खरोखर तोड नाही.

मग शेजारच्या बस्त्यावची बायको येऊन बसली. "दोन. टाका घातला नव्हता." मागोमाग तिची जाऊ. मग आणखी कुणी. पायरी भरत आली. शेवटी सासू उठली. बायकांतून वाट काढत पायरीपर्यंत आली. मग सुनेच्या पायाशी टेकली.

"एक," ती म्हणाली. "इनासच्या आधीचं. मीबी काय शिवलं नव्हतं."

त्या दिवशी सेरफीन पहिल्यांदा रडली, आणि तिच्यासोबत सासूही. सांत आना म्हणजे मारियामातेची आई; मारिया होण्याआधी तिची कूस कितीतरी वर्षं रिकामी होती, असं जुनी माणसं सांगतात. त्या माऊलीला यातलं काही नवं नव्हतं. कुणाच्या तरी पिशवीतून सुई निघाली. सासूनं दोरा ओवून दिला, सेरफीननं बंद लावले, आणि पुढच्या रविवारी ज्या मुलाचा बाप्तिस्मा झाला त्याच्या डोक्यावर ते टोपडं गेलं. सेरफीनला पुढं मुलं झाली का? कुणी तीन सांगतात, कुणी एकही नाही. मी भर घालत नाही.

आजही इथं सातव्या महिन्यातल्या बाईच्या टोपड्याला पहिला टाका घालते ती मूल गमावलेली बाई. तिला मानानं बोलावणं जातं. मुलं आमच्याकडेही जातात, खोटं कशाला बोलू? सांत आनानं ते थांबवलेलं नाही. पण ज्या बाईचं मूल गेलं, तिला 'तू काय केलं होतंस' असं विचारायची खारटेंब्यात कुणाची छाती नाही.