एकट्याच्या हाताने न मोडलेली भाकरी

शांतवनबुवा मुळा नदीच्या काठी निंबळगावात राहत होते, तेव्हाची ही हकिगत. बुवा तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. अंगात जाडाभरडा सदरा, पायांत वहाणा असल्या तर असल्या. त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द निघाला नाही. माझे तसे नाही. ही हकिगत सांगताना मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

त्या मंडळीत एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनासाठी ज्वारीची एकच मोठी भाकरी व्हायची आणि ती घरोघरच्या पाळीने यायची. बुवा ती सर्वांदेखत मोडत आणि प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवत. पाळी आली की बाई चूल सारवून, न्हाऊन-धुऊन भाकरी थापायला बसे. गरिबाच्या घराला याहून मोठा मान नव्हता.

त्या महिन्यात पाळी सगुणाबाईची होती. बाई विधवा, घरात एकटी. चार वर्षांपूर्वी भावकीतल्या दौलतने बांधाच्या भांडणावरून तिच्या गोठ्याला आग लावली होती. दोन्ही बैल दावणीलाच जळाले. दौलत तुरुंगात गेला आणि सुटून आला तो दम्याने खंगून. सख्ख्या भावाने त्याच्या तोंडावर दार लावले. तेव्हा सगुणाबाईनेच त्याला आपल्या ओसरीवर जागा दिली, दोन्ही वेळ जेवू घातले. आणि हा गृहस्थ खाल्ल्या ताटावर बसून तिलाच शिव्या देई.

बरे, गावाने हसावे कुणाला? दौलतला नव्हे, सगुणाबाईला! त्यात सर्वांत पुढे होते मंडळीचा कारभार पाहणारे वडील एलीशाराव वाघचौरे. मंडळीच्या देवळावरचे पत्रे त्यांनी स्वखर्चाने घातले होते आणि ते कुणाला विसरू देत नसत. शनिवारी सकाळी ते सगुणाबाईच्या दारात येऊन म्हणाले, "उद्या तुझी भाकरी नको. ज्या चुलीवर या आगलाव्याचं शिजतं, तिच्यावरची भाकरी प्रभूच्या मेजावर चालायची न्हाई. आमच्या घरून यील. अन् याला हाकलल्याबिगर तूबी देवळात पाय ठेवू नको."

अहो, हे सांगतो कोण? ज्याच्या नावाने ते मेज मांडले, तो प्रभू स्वतः साऱ्या गावाने ओवाळून टाकलेल्यांच्या पंक्तीला जाऊन बसत होता. त्याच्या मेजावर पहारा करायला यांना कुणी नेमले होते? पण गावात एकानेही तोंड उघडले नाही. पत्र्यांचे उपकार डोक्यावर होते ना!

सगुणाबाई रडत बुवांकडे गेली. म्हणाली, "बुवा, त्याला माफ केलंय म्हणून तरी कसं सांगू? रोज सकाळी नव्यानं करावं लागतंय. त्यानं तोंड उघडलं की सगळं सरतंय."

बुवा म्हणाले, "सगुणाबाई, भाकरी तरी एकदा थापून वर्षभर पुरते का? उद्या देवळात या आणि दौलतलाही आणा."

"अन् वाघचौरे अण्णा?"

"त्यांची भाकरी येऊ द्या," बुवा म्हणाले.

रविवारी मेजावर एलीशारावांच्या घरची भाकरी आली. सगुणाबाई आणि दौलत दारापाशी बसले होते. बुवांनी प्रार्थना केली, भाकरी दोन्ही हातांत घेतली आणि मोडू लागले. भाकरी मोडेना. ताजी, मऊ भाकरी; वाकली, पण तुटली नाही. बुवांनी पुन्हा मोडून पाहिली. लोक कुजबुजू लागले. एलीशाराव तरातरा पुढे आले, "द्या इकडं" म्हणाले आणि त्यांनी सगळा जोर लावला. त्यांना घाम फुटला, तरी भाकरी तशीच.

बुवा शांतपणे म्हणाले, "एलीशाराव, ही एकट्याच्या हातानं मोडायची नाही. एक कड तुम्ही धरा, दुसरी दौलतला धरू द्या."

"बुवा, त्यानं मुकी जनावरं जाळली."

"जाळली. ज्या बाईची जळाली, ती त्याला जेवू घालते. तुमचं काय जळालं?"

 एलीशाराव भाकरी हातात धरून खाली मानेने दारापर्यंत गेले. पण दौलत कसला उठतो! "मी न्हाई यायचा," तो म्हणाला. "कालपतूर कुत्र्यावानी हाकलत होता मला."

साऱ्या मंडळीदेखत एलीशारावांनी डोक्यावरचे पागोटे काढले. "दौलत, माझं चुकलं. ऊठ बाबा."

दौलत खोकत उठला. त्याने भाकरीच्या कडेला नुसती बोटे लावली आणि ती अलगद मोडली. धन्य ती कृपा! मंडळीतल्या एकूण एक माणसाला तुकडा मिळाला. दौलतने आपला तुकडा चावून, "मीठ कमी हाय," एवढे तेवढ्यात सांगून घेतले.

एलीशाराव बुवांच्या पायांवर वाकले, तसे बुवा मागे सरले आणि त्यांनी सगुणाबाईकडे बोट दाखवले. तेव्हा तो ताठ मानेचा माणूस त्या गरीब बाईपुढे भुईला डोके टेकून राहिला.

बाई ओशाळली. "उठा अण्णा," ती म्हणाली. "उद्यापास्नं याचं एक येळचं जेवण तुमच्याकडं. माफी किती जड असती, ते घरी बसून कळंल."

एलीशारावांनी डोके वर न उचलताच 'बरं' म्हटले.