हाजींच्या घरची नाडी

कोकणातल्या एका बंदरगावी एकदा एक वृद्ध हकीम राहत होते. त्यांचा शिष्य मुईन तरुण आणि अभ्यासू होता. नाडीपरीक्षेत त्याचा हात चांगला बसला होता.

त्या वर्षी हजहून जहाज परतले, तेव्हा जमातीच्या प्रमुखांनी हकीमसाहेबांना विचारले, "एवढा खडतर प्रवास वयस्कर माणसांना मानवतो का? पुढच्या वर्षी त्यांना पाठवावं की नाही, तुम्हीच सांगा." हकीमसाहेबांनी ते काम मुईनवर सोपवले.

मुईनने घरोघर जाऊन यात्रेकरूंना तपासले. कुणाचे पाय सुजलेले, कुणाला बारीक ताप, कुणाची अन्नावरची वासनाच उडालेली. लाकडाचे व्यापारी दाऊद मुकादम तर निम्मे होऊन आले होते. खोकल्यामुळे त्यांना धड बोलवत नव्हते. मुईन परत येऊन म्हणाला, "उस्ताद, यात्रा कुणालाच मानवलेली नाही. मुकादमांना तर मुळीच नाही."

"चल, मुकादमांकडे जाऊन येऊ," हकीमसाहेब म्हणाले.

ते पोहोचले तेव्हा मुकादम नमाजासाठी मशिदीत गेले होते. हकीमसाहेब स्वस्थपणे बसले आणि मुकादमांच्या पत्नीला म्हणाले, "रुकय्याबी, जरा मुईनला नाडी पाहू द्या."

मुईन चकित झाला. आजारी नवरा, आणि नाडी बायकोची! पण ही नाडी त्याच्या ओळखीची होती. रुकय्याबींना धडधडीचा विकार जुना. मुकादम मोठे तापट. त्यांच्या वहाणा अंगणात वाजल्या, की रुकय्याबींची नाडी पाण्याबाहेर पडलेल्या मासळीसारखी तडफडू लागे. गुरुशिष्यांनी काढे दिले, चाटणे दिली. गुण म्हणून कधी आला नाही.

थोड्या वेळाने अंगणात वहाणा वाजल्या. मुईनची बोटे सावध झाली. नाडी संथ होती. पावले पायरीपाशी आली, तरी संथच. तेवढ्यात उंबऱ्यावर मुकादमांना खोकल्याची उबळ आली, आणि नाडी एकदम उसळली.

रुकय्याबी हात सोडवून उठल्या. "आधी बसा. उन्हातून भरभर चालू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

मुकादम मुकाट्याने बसले. "चुकलं माझं," असे म्हणून त्यांनी पत्नीच्या हातून पाणी घेतले. मुईन पाहतच राहिला. या घरात मुकादमांना कुणी दटावल्याचे त्याने कधी ऐकले नव्हते.

परतीच्या वाटेवर तो हळूच म्हणाला, "उस्ताद, ती शेवटी उसळली ती..."

"ती काळजी होती, बाळा. त्या नाडीतलं भय तू ओळखत होतास. काळजी आज प्रथम पाहिलीस." हकीमसाहेब चालता चालता पुढे म्हणाले, "तुझी तपासणी खोटी नाही. ताप तो तापच, त्याला औषध हवंच. पण तू प्रवासाचा शीण मोजलास आणि त्यालाच यात्रेचं फळ समजलास. माणूस अल्लाहच्या घरी जाऊन आला. तिथे त्याच्यात काय पालटलं, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. ते मागे राहिलेल्यांना कळतं. उरलेल्या घरी पुन्हा जाऊन ये, मग जमातीला उत्तर देऊ."

दुसऱ्या दिवशी मुईन पुन्हा निघाला. पहिल्याच घरी हाजीसाहेबांनी त्याला पाहताच मनगट पुढे केले. मुईनने त्यांच्या सुजलेल्या पायांना लेप लावला, आणि मग अदबीने विचारले, "आपल्या घरात आणखी कोण कोण असतं?"