केवळबाईंचा खांदा आणि सुपडूच्या गाठी

खानदेशात, तापीच्या अलीकडच्या एका गावात एक भोळा जावई राहत होता. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह कुणाला छळायला निघालेला नव्हता. नाव त्याचं सुपडू. मन लोण्याचं, अंगात बैलाची ताकद, आणि डोकं म्हणाल तर देवाने दिलं तसंच, घडी न मोडता ठेवलेलं. कुणी काही सांगितलं की सुपडू ते जसंच्या तसं करायचा. विसरू नये म्हणून खांद्यावरच्या रुमालाला गाठ मारायचा. गाठ पक्की बसायची. ती कुठं सोडायची, हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

त्याच्या सासूबाई केवळबाई. मांडे करण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायच्या, हात खांद्याच्या वर नेत झुलवायच्या, आणि झुलवता झुलवता त्याचा परातीएवढा मांडा करून पालथ्या खापरावर अलगद टाकायच्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मांड्यांसाठी तर लोक महिनाभर आधी सांगून ठेवायचे. आणि यंदा नेमका त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कमरेच्या वर जाईना. मांडे राहू द्या, बाईला स्वतःची वेणी घालता येईना. घरात दुसरं माणूस नाही. शेवटी लेक कोकिळा गेली आणि आईला आपल्या घरी घेऊन आली.

आता लेकीच्या घरी, जावयाच्या जिवावर बसून खायचं, ही केवळबाईंना मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट. ताटात वाढलेली भाकरी त्या अर्धीच खायच्या. कोकिळाचं दुःख वेगळं. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. इथं मायच लेकीच्या दारी येऊन बसलेली. आईचा हात उठला नाही तर यंदा माहेर नाही, हे मनात आलं की तिला चुलीपुढे रडू यायचं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी भागायचं नाही. फिजिओथेरपी करा, म्हणजे रोज हात ताणून, वळवून खांदा मोकळा करून घ्या. खर्च झेपत नसेल तर सरकारी आरोग्य कार्ड घेणारं जवळपासचं सेंटर शोधा. केवळबाईंच्या नावाचं कार्ड होतं. देवाच्या फोटोसारखं प्लास्टिकमध्ये जपलेलं. पण शोधायला कोण जाणार? कोकिळा अंगणवाडीत मदतनीस, तिला सुट्टी मिळेना. उरला सुपडू. आणि सुपडूला खरोखरच वाटत होतं की सासूबाईंचा हात बरा व्हावा. मांडे त्यालाही आवडत होते.

तर सुपडू निघाला. तालुक्याला एक झकपक क्लिनिक दिसलं, त्यात शिरला. डॉक्टरांसमोर बसून त्याने सासूबाईंचं माहेर, सासर, मांडे, खापर, खांदा सगळं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांनी मन लावून ऐकलं, चहा मागवला, रोज आणा म्हणाले. मग सुपडूने कार्ड काढलं. डॉक्टरांनी चहाचा कप स्वतःकडे ओढून घेतला. म्हणाले, हे आमच्याकडे घेत नाहीत.

कोकिळाने कपाळावर हात मारला. म्हणाली, "अहो, आधी कार्ड दाखवायचं, मग तोंड उघडायचं."

"बरं. पुढच्या वेळी," म्हणाला सुपडू, आणि त्याने रुमालाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो परत निघाला. वाटेत पौलादआप्पांचं घर. आप्पा नुकतेच वारले होते. माणुसकी म्हणून सुपडू आत गेला. ओट्यावर चार माणसं खाली माना घालून बसलेली, आत आप्पांची म्हातारी. सुपडूने तोंड घट्ट मिटलं, खिशातून कार्ड काढलं आणि म्हातारीच्या नाकासमोर धरलं.

"काय रे हे?" म्हातारीने विचारलं.

"दवाखान्याचं कार्ड. हे असलं म्हणजे उपचार फुकट."

झालं. म्हातारीने हंबरडा फोडला. आप्पांचं कार्ड काढायचं राहूनच गेलं होतं. थोरला म्हणायचा धाकटा काढेल, धाकटा म्हणायचा थोरला काढेल, आणि आप्पा दोघांची वाट बघत गेले. दोघे लेक ओट्यावरच बसलेले. म्हातारीने सगळ्या गावादेखत विचारायला सुरुवात केली, तशी दोघांची जुंपली. भाऊबंद मधे पडले. सुपडूला मागच्या दाराने बाहेर काढावं लागलं.

कोकिळा लाजेने अर्धी झाली. "अहो, दुःखाच्या घरी काही दाखवायचं असतं का? कोपऱ्यात गुपचूप बसायचं. मान खाली घालायची. कुणी उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही."

"बरं. पुढच्या वेळी." दुसरी गाठ.

अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात कार्ड नक्की घेतात. सुपडू पहाटेची गाडी धरून गेला. तिथं बघतो तर सगळीकडे दुखणारी माणसं, कण्हणारी माणसं, रडणारी माणसं. त्याने मनात ताडलं, हे दुःखाचं घर. लगेच कोपरा धरला आणि मान खाली घातली. खिडकीवरच्या बाईने पुकारा केला, कुणाचं कार्ड राहिलंय का? सुपडू हलला नाही. शिपायाला वाटलं, याचं कुणीतरी आत गेलं वाटतं. त्याने पाणी आणून दिलं. एक नर्स पाठीवर हात ठेवून म्हणाली, देवाच्या मनात होतं ते झालं, भाऊ. तिचे शब्द इतके मायेचे होते, की सुपडूलाही गहिवरून आलं आणि तो थोडा रडला. संध्याकाळी पहारेकरी कुलूप घेऊन आला आणि उठा म्हणाला. सुपडू उठला आणि घरी आला.

इतकं ऐकून कोकिळाच कोपऱ्यात मान खाली घालून बसली. मग म्हणाली, "अहो, सरकारी जागी गप्प बसून भागतं का? रेटा लावायचा. खिडकीवर हात आपटायचा. आधी माझं बघा, म्हणून ओरडायचं."

"बरं. पुढच्या वेळी." तिसरी गाठ.

तेवढ्यात शेजारच्या रतनने बातमी आणली. एवढं लांब कशाला मरायला जाता? तालुक्याच्या बसस्टँडमागे एक डॉक्टरीणबाई आहेत, हेच काम करतात, कार्ड घेतात, स्वभावाने तर गाय आहेत. सुपडू गेला. दोन खोल्यांची जागा. गर्दी नाही, रांग नाही. आत एक म्हातारा पेशंट पट्ट्यात पाय टांगून डोळे मिटून पडलेला, आणि डॉक्टरीणबाई त्याला हळू आवाजात श्वास घ्या, श्वास सोडा सांगताहेत. सुपडूने रुमाल चाचपला आणि खिडकीच्या काचेवर असा काही हात हाणला, की म्हातारा पाय, पट्टा आणि दांडीसकट खाली आला.

"आधी माझं बघा!" सुपडू ओरडला.

डॉक्टरीणबाईंनी आधी म्हाताऱ्याला उचललं. मग सुपडूजवळ येऊन म्हणाल्या की ओरडू नका, तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही इथं. कार्ड उलटसुलट करून बघितलं. हो, घेते मी हे, म्हणाल्या. सुपडूचं तोंड असं फुललं, की त्यांचा राग तिथंच मावळला.

"पण पेशंट कुठंय?" त्यांनी विचारलं.

"घरी."

"मग मी काय या कार्डाचा खांदा ताणू? पेशंटशिवाय येऊ नका. आणि आता मी गावाला चाललेय, पुढच्या सोमवारी या."

कोकिळाला हसावं की रडावं कळेना. शेवटी हसली. देव पावला म्हणाली. शोधून शोधून कार्ड घेणारी बाई मिळाली होती, आखाजीला अजून अवकाश होता. तिने नवऱ्याला गूळपाणी दिलं आणि समजावलं, "बाईंचं बरोबर आहे. आता पेशंटशिवाय कुठं जायचंच नाही. आणि एकदा कार्ड लागलं की काम पुरतं करूनच या. अर्धवट टाकून येऊ नका."

"बरं," म्हणाला सुपडू. एकदम दोन गाठी.

सोमवार अजून लांब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडूला दळण आणायचं होतं. त्याने पायात चपला घातल्या आणि केवळबाईंना म्हणाला, "मामी, चला."

"कुठं, जावईबापू?"

"गिरणीत. तुमच्याशिवाय कुठं जायचं नाही."

केवळबाई काय बोलणार? जावयाचा शब्द. त्यातून आपण त्याच्याच घरी राहतोय, त्याचंच अन्न खातोय. पदर सावरला आणि निघाल्या. गिरणीतून आल्या तोच सुपडूला सोसायटीत जायचं होतं, केवळबाई सोसायटीत. तिसऱ्या प्रहरी सुपडूला दाढी करायची होती. केवळबाई न्हाव्याच्या बाकड्यावर, दोन बाप्यांच्या मधे, डोळ्यांपर्यंत पदर ओढून बसल्या. न्हाव्याने विचारलं, यांचं काय करायचं? सुपडू म्हणाला, यांचं काही नाही, या पेशंट आहेत. ग्रामपंचायतीत गटारीच्या पाण्यावरून भांडण झालं, तिथंही केवळबाई हजर. सरपंचांनी त्यांची सही घेतली.

बाजाराला जाताना टेम्पो असायचा. बसायला जागा कुठली, सगळी उभीच. डाव्या हातात जावयाने दिलेली पिशवी, त्यामुळे धरायचं ते दुखऱ्या हाताने. पहिल्या दिवशी केवळबाईंनी बाजूचं फळकुट धरलं. टेम्पो खड्ड्यात गेला की खांद्यात अशी कळ यायची, की डोळ्यांपुढे काजवे. पण जावयासमोर ओरडायचं कसं? दात खाऊन धरून राहायच्या. मग कधी दोरी धरली. मग कधी वरचा दांडा. हात दांड्यापर्यंत पोचला, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही. त्या बिचाऱ्या एवढंच मागत होत्या की देवा, सोमवार लवकर उजाडू दे.

सोमवार उजाडला. दोघं तालुक्याच्या स्टँडवर उतरली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मागच्याच गल्लीत. पण गाडीच्या धक्क्यांनी सुपडूला लघवीची घाई झाली होती. तो पुरुषांच्या मुतारीकडे निघाला, थबकला, रुमालाची गाठ चाचपली आणि मागे वळला.

"मामी, चला."

केवळबाईंनी मुतारीकडे बघितलं. मग जावयाकडे बघितलं. गिरणी सोसली होती, न्हावी सोसला होता, सरपंच सोसला होता. आता मात्र सगळ्या स्टँडदेखत त्यांनी डोक्याच्याही वर हात नेऊन जोडले.

"जावईबापू, तुम्हांला कोपरापासून नमस्कार आहे!"

स्टँडवर हशा पिकला. पण केवळबाई तशाच उभ्या राहिल्या. वर बघत राहिल्या. दोन हात होते. डावा होता आणि उजवाही होता. त्यांनी हात हळूच खाली आणले, परत वर नेले. उजवा अंबाड्याला लावून बघितला, पाठीमागे नेऊन बघितला. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हवेतच दोन्ही हात झुलवून त्यांनी न दिसणारा एक मांडा केला आणि न दिसणाऱ्या खापरावर टाकला.

"चला जावईबापू, घरी," त्या म्हणाल्या. "आखाजी तोंडावर आली. खापर काढायचंय, डाळ निवडायचीय."

"कार्ड लागलंय," सुपडू म्हणाला. "काम पुरतं करूनच यायला सांगितलंय."

जावयाचा शब्द. केवळबाई पुन्हा त्याच्या मागे गेल्या, पण या वेळी हसत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, गोल फिरवायला लावला. हात तेलपाणी केलेल्या कप्पीसारखा फिरला. त्यांनी विचारलं, व्यायाम कुणी करून घेतला? केवळबाईंनी गिरणीपासून टेम्पोच्या दांड्यापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसता हसता स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, माझं सगळं काम तुमच्या जावयाने केलं. आता मला करण्यासारखं काही उरलं नाही. आणि खांदा बरा असेल तर कार्डावर उपचार देता येत नाहीत. जा, मांडे करा.

सुपडू तिथंच उभा राहिला. त्याचं तोंड एवढंसं झालं. चकचकीत क्लिनिक डोळ्यांपुढे आलं, पौलादआप्पांचं घर आलं, मोठ्या दवाखान्याचा कोपरा आला, काचेवर आपटलेला हात आला. एवढी वणवण करून एक बाई कार्ड घेणारी मिळाली, आणि आता कार्ड तसंच घरी न्यायचं? कोकिळाला काय तोंड दाखवायचं? त्याने रुमालाची शेवटची गाठ बोटांत धरली. अर्धवट टाकून येऊ नका.

"डॉक्टरीणबाई," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "कार्ड तुम्ही घेता ना?"

"घेते."

"मग एवढं करा. मामींचा खांदा होता तसा आखडून द्या. आणि मग कार्डावर बरा करा."

केवळबाईंचा हात पुन्हा वर गेला. या वेळी तो एकटाच गेला, आणि नमस्कारासाठी नव्हता.